बी.ए. झालं, आता नर्स व्हायचंय : वाट किती वर्षांची आणि फसवणूक कुठे?



गोंदिया जिल्ह्यातल्या विहारांमध्ये शिक्षण-रोजगाराच्या बैठकीला गेले की एक प्रश्न हमखास येतो : "ताई, माझं बी.ए. झालं. नर्सिंगचा एक वर्षाचा कोर्स कुठं असते?" विचारणारी मुलगी साधारण बावीस ते अठ्ठावीस वर्षांची असते. पदवी हातात आहे, नोकरी नाही. स्पर्धा परीक्षेचे दोन-तीन प्रयत्न झालेले असतात. घरी लग्नाची बोलणी चालू असतात. अशातच मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ दाखवतं, की अमेरिकेत कोणत्याही विषयाच्या पदवीधराला वर्ष-दीड वर्षात नर्स होता येतं. मग गावात एक एजंट येतो आणि म्हणतो, "तसाच कोर्स आपल्याकडेही आहे."

या लेखात त्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. पदवीधरांसाठीचा वेगवान नर्सिंग कोर्स परदेशात खरोखर आहे. भारतात नाही. इथे एका वर्षात नर्स करून देतो असं जो सांगतो, तो तुम्हाला नर्स करत नाही, कागद देतो. पण पदवीनंतर नर्स होण्याच्या खऱ्या वाटा आपल्याकडेही आहेत. त्या कोणत्या, किती वर्षांच्या, पैसा कुठून येतो आणि पहिल्या वर्षी काय सोसावं लागतं, हे क्रमाने पाहू.

एका वर्षाच्या कागदाची किंमत

सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट. नाव सांगत नाही. वडिलांच्या धानाच्या दोन बांध्या, आई उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाते. मुलगी बी.ए. झाली. कुणाच्या तरी सांगण्यावरून घरच्यांनी साठ हजार रुपये भरून तिला एका संस्थेत "नर्सिंग डिप्लोमा"ला घातलं. वर्षभराने प्रमाणपत्र मिळालं. वर सोनेरी शिक्का, खाली दोन सह्या. त्यावर तिला एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं. पगार महिन्याला सहा हजार. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, रात्रपाळी, फरशी पुसणं, सगळं तिच्याकडेच. लोक तिला सिस्टर म्हणत. अशी चार वर्षं गेली.

मग शासकीय कंत्राटी भरतीची जाहिरात आली. अर्जात एक रकाना होता : नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. तो तिच्याकडे नव्हता. प्रमाणपत्र घेऊन ती माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी बसून मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या पाहिल्या. तिच्या संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग ताई, मी चार वर्षं होती तरी कोण?"

या प्रश्नाचं उत्तर कठोर आहे. कायद्याच्या नजरेत ती कुणीच नव्हती. उद्या एखाद्या रुग्णाला काही झालं असतं तर दवाखान्याने तिच्याकडे बोट दाखवलं असतं आणि तिच्या बाजूने बोलायला ना कौन्सिल असतं, ना संघटना. नर्सचं काम तिने केलं, पण नर्सचा पगार, नर्सचा हक्क आणि नर्सचं संरक्षण यातलं काहीच तिला मिळालं नाही.

पदवी नाही, तुमची बारावी बघतात

आपल्या मुलामुलींचा सगळ्यात मोठा गैरसमज हा, की पदवी असल्यामुळे नर्सिंगची वर्षं कमी होतील. भारतात तसं होत नाही. नर्सिंगचं दार बारावीच्या गुणपत्रिकेने आणि वयाने उघडतं. बी.ए., बी.कॉम., एम.ए. यांनी एक दिवसही कमी होत नाही. म्हणून पदवी बाजूला ठेवा आणि आधी बारावीची गुणपत्रिका काढा.

बारावी विज्ञान असेल तर : बी.एस्सी. नर्सिंग. हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा पदवी अभ्यासक्रम. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी पास हवी. खुल्या प्रवर्गाला या विषयांत ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. महाराष्ट्रात यासाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. तिच्यात बारावीच्या विज्ञान विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. बारावी विज्ञान करून नंतर बी.ए. किंवा बी.एस्सी. केलेल्या अनेकांना वाटतं, की आपली वेळ गेली. वय पस्तिशीच्या आत असेल तर गेलेली नाही.

बारावी कला किंवा वाणिज्य असेल तर : जीएनएम. म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, तीन वर्षांचा डिप्लोमा. विज्ञानाला प्राधान्य असलं तरी कोणत्याही शाखेची बारावी चालते. इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण हवेत, वय १७ ते ३५. मुलांनाही प्रवेश आहे. बी.ए. झालेल्या बहुतेकांसाठी हीच खरी वाट आहे. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

एएनएम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त मुलींसाठी. उपकेंद्रात लसीकरण, गरोदर मातांची तपासणी करणारी जी सिस्टर तुमच्या गावात येते, ती बहुधा एएनएम असते. वर्षं कमी लागतात, पण पुढची शिडीही आखूड आहे. घरची अडचण फार असेल तरच हा मार्ग निवडा, असं माझं मत आहे.

आता शिडी पाहा. जीएनएम झाल्यावर कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि तुम्ही स्टाफ नर्स म्हणून काम करू शकता. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येतं, त्यानंतर एम.एस्सी. नर्सिंगही. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा ब्रिज कोर्स करून आरोग्यवर्धिनी उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, होता येतं. चोवीसाव्या वर्षी जीएनएमला लागलेली मुलगी सत्ताविसाव्या वर्षी नोंदणीकृत नर्स असते. त्या सडक अर्जुनीच्या मुलीने बोगस कोर्स आणि बिननोंदणीच्या नोकरीत पाच वर्षं घालवली. तेवढ्यात जीएनएम होऊन पोस्ट बेसिकही झालं असतं.

परदेशातला "वेगवान" कोर्स म्हणजे नक्की काय?

व्हिडिओतली गोष्ट खोटी नसते, अर्धी असते. म्हणून ती पूर्ण समजून घ्या.

अमेरिकेत याला ॲक्सेलरेटेड बी.एस्सी. नर्सिंग म्हणतात. सेंट लुईस विद्यापीठाने १९७१ मध्ये असा पहिला कोर्स सुरू केला. आधीच कोणत्याही विषयात पदवी असलेल्यांना तो साधारण ११ ते १८ महिन्यांत पूर्ण करता येतो. पण प्रवेशाआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे विषय कॉलेज पातळीवर पास केलेले असावे लागतात. समाजशास्त्र-मराठी घेऊन बी.ए. झालेल्याकडे यातलं फार थोडं असतं. ते विषय आधी करण्यात जो काळ जातो, तो त्या अकरा महिन्यांत धरलेला नसतो. शिवाय लांब सुट्ट्या नसतात, त्यामुळे सोबत नोकरी करणं जवळजवळ अशक्य. शेवटी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते.

ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी दोन वर्षांचा, नोंदणीपूर्व एम.एस्सी. नर्सिंग असतो. तिथे नर्स व्हायला एकूण ४,६०० तासांचं शिक्षण लागतं : निम्मं वर्गात, निम्मं प्रत्यक्ष रुग्णसेवेत. पदवीधराचं आधीचं शिक्षण आणि रुग्णसेवेचा अनुभव तपासून यातला काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, ग्राह्य धरता येतो. म्हणून तीन वर्षांचं काम दोन वर्षांत बसतं. वृद्धाश्रम, दवाखाना, अपंगांची संस्था अशा ठिकाणच्या कामाचा अनुभव अनेक विद्यापीठं मागतात. ऑस्ट्रेलियातही मेलबर्न, सिडनीसारख्या विद्यापीठांत पदवीधरांसाठी दोन वर्षांचा मास्टर ऑफ नर्सिंग आहे.

म्हणजे तिकडेही शॉर्टकट नाही. तुमच्या आधीच्या शिक्षणाचा हिशोब मांडून तेवढी वर्षं वजा केली जातात, आणि हिशोब जुळला नाही तर प्रवेशच मिळत नाही.

पैशाचं काय? केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यात एकूण १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरच्या क्रमांकावर असावं लागतं. इथेच मेख आहे. अमेरिकेचा ॲक्सेलरेटेड कोर्स ही दुसरी पदवी आहे, पदव्युत्तर नाही, म्हणून तो या योजनांत बसत नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियाचा दोन वर्षांचा मास्टर्स स्तराचा कोर्स असेल तर अर्ज करण्यासारखा आहे. घर गहाण ठेवून एजंटच्या भरवशावर जाण्यासारखा मात्र कोणताच नाही.

माझा सल्ला असा : परदेशी जायचंच असेल तर आधी इथे नर्स व्हा. नोंदणी आणि अनुभव घेऊन, इंग्रजीची परीक्षा आणि त्या देशाची परवाना परीक्षा देऊन हजारो भारतीय नर्सेस बाहेर जातात. तिथली महागडी पदवी विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. आणि काही कारणाने जाता आलं नाही तरी हातात इथला परवाना राहतो.

शिष्यवृत्ती : इथे पदवी आडवी येऊ शकते

हा भाग दोनदा वाचा. इथे आपली मुलं सर्वात जास्त अडकतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरली जाते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. त्यापेक्षा जास्त उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्तीची, म्हणजे फ्रीशिपची, योजना आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. खाजगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. "आधी ॲडमिशन घ्या, स्कॉलरशिप आम्ही लावून देऊ," असं कॉलेजचा माणूस म्हणाला तर उठून या.

दुसरी : शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयाला गेलेल्या विद्यार्थ्याला, उदाहरणार्थ बी.ए. नंतर पुन्हा बी.कॉम. करणाऱ्याला, शिष्यवृत्ती देऊ नये, असं या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. पदवीनंतर जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगला जाणाऱ्याच्या बाबतीत हा मुद्दा निघू शकतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी सहायक आयुक्त, समाजकल्याण, गोंदिया यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या : माझी अमुक वर्षी बी.ए. झाली आहे, मी अमुक व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे, मला कोणती योजना लागू होईल? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. टेबलावरच्या तोंडी उत्तरावर तीन वर्षांचं गणित मांडू नका.

राहण्या-जेवण्यासाठी समाजकल्याणचं शासकीय वसतिगृह आहे. तिथे जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, गोंदियासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळतात. गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे, आणि त्याच गावचे रहिवासी असाल तर लाभ नाही. पैसे उशिरा येतात, हे धरून पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाची सोय आधी करून ठेवा.

अर्जाआधीचे कागद

सीईटीचा अर्ज साधारण हिवाळ्यात सुरू होतो, प्रवेश फेऱ्या निकालानंतर. कागद मात्र त्याच्या सहा महिने आधी गोळा करायला लागा.

जातीचा दाखला असून भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे त्याचा अर्ज आजच करा, प्रवेशाच्या वेळी नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांना लागून आहे. बालाघाट, राजनांदगावकडून आलेल्या कुटुंबांची इथेच अडचण होते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा किंवा पी-१ यांचा शोध आधीपासून घ्या. लग्न झालेल्या बहिणींनी पुरावा माहेरचा, वडिलांकडचा द्यायचा असतो.

केंद्राच्या योजनेसाठी अर्ज करणाऱ्यांनी दाखल्यावर मूळ जात नोंदलेली आहे ना, हे पाहावं. नुसतं "बौद्ध" किंवा "नवबौद्ध" लिहिलेला दाखला दिल्लीच्या कामात अडतो. धर्म बौद्ध आणि मूळ अनुसूचित जात असा दोन्हींचा उल्लेख असलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या. तो हक्क कागदावर नीट उतरवून घेणं आपलं काम आहे.

बाकी यादी अशी : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या गुणपत्रिका, शेवटच्या कॉलेजची टीसी, अधिवास प्रमाणपत्र, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. शिक्षण आणि प्रवेश यांच्यात रिकामी वर्षं असतील तर खंडाचं प्रतिज्ञापत्र, ज्याला कॉलेजात गॅप सर्टिफिकेट म्हणतात. पदवीची वर्षं खंडात धरू नका, तिचा पुरावा तुमच्याकडे आहे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मैत्रिणीने गेल्या वर्षी काय केलं त्यावर जाऊ नका.

कॉलेज खरं की खोटं, कसं ओळखायचं?

पैसे भरण्याआधी तीन ठिकाणी नाव तपासा. पहिलं, भारतीय नर्सिंग परिषदेच्या संकेतस्थळावरची संस्थांची यादी. दुसरं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. तिसरं, परीक्षा घेणारी संस्था : बी.एस्सी.साठी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएम-एएनएमसाठी शुश्रूषा मंडळ. नाव, गाव आणि मंजूर जागा तिन्हीकडे जुळल्या पाहिजेत. "मान्यता प्रक्रियेत आहे" याचा अर्थ मान्यता नाही.

नावांच्या खेळाकडेही लक्ष द्या. "नर्सिंग असिस्टंट", "जनरल ड्युटी असिस्टंट", "पेशंट केअर", "हेल्थ वर्कर डिप्लोमा" यातले काही कौशल्य विकासाचे खरे कोर्स आहेत आणि त्यांनी मदतनिसाचं काम मिळतं. पण ते करून कुणी नर्स होत नाही, नोंदणी क्रमांक मिळत नाही. मदतनीस व्हायचं असेल तर खुशाल करा, नर्सिंग समजून करू नका.

शेजारच्या राज्यात स्वस्तात सीट देतो म्हणणाऱ्यांपासून विशेष सावध राहा. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांच्या गैरव्यवहाराचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तपास सीबीआयकडे दिला गेला, आणि मे २०२४ मध्ये सीबीआयच्याच काही अधिकाऱ्यांना कॉलेजांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. कागदावर इमारत, कागदावर शिक्षक, कागदावर दवाखाना. त्यात शिकणाऱ्या हजारो मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं रखडल्या. म्हणून कॉलेज पाहायला स्वतः जा. मुलांना वॉर्डात कुठे पाठवता, ते रुग्णालय किती खाटांचं आहे, हे विचारा. ज्या कॉलेजच्या मुली सकाळी वॉर्डात दिसत नाहीत, ते नर्सिंगचं कॉलेज नाही.

पहिले सहा महिने

प्रवेश झाला, आता सुरुवात. यावर कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

वर्गातल्या बाकीच्या मुली सतरा-अठराच्या असतात, तुम्ही पंचविशीच्या. त्या तुम्हाला ताई म्हणतील, शिक्षिका कधीकधी तुमच्याच वयाच्या असतील. याची लाज वाटू देऊ नका. जीएनएमच्या पहिल्या वर्षी जीवशास्त्रीय विषय, वर्तनशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वं, सामुदायिक आरोग्य, इंग्रजी असे विषय असतात. वर्तनशास्त्रात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र येतं. कला शाखेच्या मुलामुलींना हा पेपर सोपा जातो, आणि सामुदायिक आरोग्यही. खरी कसोटी शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्राची. पुस्तकं इंग्रजीत, शब्द लॅटिन वळणाचे. प्रवेश निश्चित झाल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत अकरावी-बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक वाचून काढा. शरीराच्या भागांची नावं मराठी-इंग्रजी अशी वहीत लिहून पाठ करा. माझ्या ओळखीच्या ज्या मुली पहिल्या वर्षी मागे पडल्या, त्यांना विषय अवघड गेला नव्हता, इंग्रजी अवघड गेलं होतं.

सकाळी लवकर वॉर्डात हजर व्हावं लागतं. खाट लावणं, ताप-नाडी-रक्तदाब मोजून नोंदवणं, रुग्णाला पुसून काढणं, बेडपॅन देणं, इथून सुरुवात होते. पायांना गोळे येतात, सुरुवातीला जेवण जात नाही, पहिला मृत्यू पाहिल्यावर झोप लागत नाही. हे सगळ्यांना होतं. हजेरी आणि प्रात्यक्षिकाचे तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून घरच्यांना आधीच सांगा, की प्रत्येक लग्नाला आणि प्रत्येक तेरवीला येता येणार नाही.

आणि जात. वॉर्डात आडनाव विचारलं जातं. कधी रुग्णाचे नातेवाईक विचारतात, कधी सोबतच्या मुली. वसतिगृहात बाबासाहेबांचा फोटो लावण्यावरून कुजबुज होते. अशा वेळी एकटं राहू नका. आपल्या एखाद्या सिनिअरला गाठा, घटना तारखेसह लिहून ठेवा, कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी तक्रार द्या. भांडून कॉलेज सोडणं हा उपाय नाही. तुम्ही सोडलं की ती जागा रिकामी होते आणि पुढच्या मुलीला सांगितलं जातं, "तुमच्यातल्या टिकत नाहीत."

"यासाठीच शिकवलं का?"

शेवटचा अडथळा घरातच असतो. त्या मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "ताई, आमच्या आज्यानं ढोरं ओढली. बाबासाहेबानं सांगतलं, ते सोडा. सोडलं. आता पोरीला बी.ए. केलं, आन् तिनं दुसऱ्याची घाण उचलावी?"

हा प्रश्न टाळू नका. त्यामागे पिढ्यांची जखम आहे. रक्त, मलमूत्र, प्रेत यांना हात लावणं जातिव्यवस्थेने अपवित्र ठरवलं आणि ते काम आपल्या माथी मारलं. पण बाबासाहेबांचा विरोध रुग्णाच्या सेवेला नव्हता. जन्मामुळे लादलेल्या, ज्यात ना मोबदला ना मान ना नकार देण्याची सोय, अशा कामाला होता. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन काढणारे तथागत आपल्या परंपरेत आहेत. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणाऱ्या आणि त्याच साथीत गेलेल्या सावित्रीमाई आपल्या आहेत.

मी त्या वडिलांना एवढंच म्हटलं : "दादा, पोरगी चार वर्षं जे करत होती, तेच लादलेलं काम होतं. सहा हजारात सगळं, आणि नाव कुठेच नाही. आता जे करेल त्यात तेच हात असतील, पण तिच्या नावासमोर नोंदणी क्रमांक असेल. पगार ठरलेला असेल. चुकीचं औषध द्यायला सांगितलं तर नाही म्हणायचा अधिकार असेल."

काम तेच, फरक नोंदणीचा आहे. माझ्या मते या लेखातून एवढी एक गोष्ट घरी नेली तरी पुरे.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल घरोघरी आहे, आणि आपल्या समाजात व आदिवासी भावंडांत तो जास्त आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, केटीएस आणि बाई गंगाबाई रुग्णालयं आहेत. तिथे देवरी-सालेकसाहून आलेली बाई जेव्हा आपल्या बोलीत दुखणं सांगते, तेव्हा ते समजणारी सिस्टर खाटेजवळ असणं हा उपचाराचाच भाग आहे.

विहारांनी काय करावं?

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक मोठ्या विहारात एक रविवार या कामासाठी ठेवता येईल. गावातल्या बारावी आणि पदवी झालेल्या मुलामुलींची यादी करा. प्रत्येकाची बारावीची शाखा, टक्के, वय लिहा. कोण बी.एस्सी. नर्सिंगला पात्र आहे, कोण जीएनएमला, हे तासाभरात कळतं. जात वैधता नसलेल्यांचे अर्ज त्याच दिवशी भरा. गावातली नोकरीला लागलेली एखादी स्टाफ नर्स बोलवा आणि तिला प्रश्न विचारू द्या. आपण जयंतीला जेवढी वर्गणी गोळा करतो, तिच्यातला थोडा भाग पहिल्या सहा महिन्यांच्या मेस आणि पुस्तकांसाठी बिनव्याजी द्या. शिष्यवृत्ती आली की तो परत येईल आणि पुढच्या मुलीला मिळेल.

सडक अर्जुनीची ती मुलगी आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावी कला, ५२ टक्के. शिष्यवृत्तीसाठी तिने समाजकल्याणला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत ती अजून पाकिटात जपून ठेवते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पहिल्या वर्षाचा निकाल सांगायचा होता. निकाल सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, आमच्या गावची एक पोरगी त्याच संस्थेत पैसे भरायले चालली होती. मी तिला थांबवलं. तिचा नंबर देऊ का तुमाले?"

द्या म्हटलं. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिलाही थांबवा.